एनएफएलचे फ्री एजंट: यादीतले नाव पाहण्याआधी तो मोकळा का झाला, ते पाहा

एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या लीगचे नवे वर्ष मार्चच्या मध्यावर, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता सुरू होते. त्या ठोक्याला शेकडो खेळाडूंचे करार एकदम संपतात आणि ते फ्री एजंट, म्हणजे मोकळे खेळाडू, होतात. त्याआधीचे दोन दिवस त्यांच्या एजंटांना इतर संघांशी बोलणी करण्याची मुभा असल्यामुळे मोठ्या नावांचे व्यवहार बहुधा चार वाजण्यापूर्वीच ठरलेले असतात. त्या आठवड्यात सगळीकडे उपलब्ध खेळाडूंच्या याद्या फिरू लागतात. नाव, वय, खेळण्याची जागा, मागच्या हंगामातील आकडे असे सारे त्यांत असते; मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी माहिती नसते. ज्या संघाने या माणसाला वर्षानुवर्षे रोज सरावात पाहिले आणि ज्याच्या डॉक्टरांनी त्याचे गुडघे आणि खांदे तपासले, त्याच संघाने त्याला का जाऊ दिले, हे त्या यादीत कोठेही लिहिलेले नसते. या धाग्यात मला त्याच प्रश्नाबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

प्रथम नियम थोडक्यात सांगतो. ज्या खेळाडूने चार किंवा अधिक हंगाम भरले आणि ज्याचा करार संपला, तो पूर्णपणे मोकळा असतो आणि कोणत्याही संघाशी करार करू शकतो. हंगाम भरला असे म्हणण्यासाठी पूर्ण पगारावर किमान सहा सामने संघात असावे लागते. तीनच हंगाम भरलेला खेळाडू अर्धवट मोकळा असतो: दुसऱ्या संघाने त्याला देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून त्याला ठेवून घेण्याचा हक्क त्याच्या जुन्या संघाला असतो. तीनपेक्षा कमी हंगाम भरलेल्याला जुन्या संघाने किमान पगाराचा प्रस्ताव दिला, तर त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबानुसार या लीगमधील सरासरी कारकीर्द साधारण ३.३ वर्षांची असते. म्हणजे मार्चच्या यादीत ज्यांची नावे दिसतात, ते मुळात तग धरून राहिलेल्यांपैकी आहेत. बहुसंख्य खेळाडू ही यादी येण्यापूर्वीच खेळाबाहेर गेलेले असतात.

संघ आपल्या खेळाडूला सोडतो, त्यामागे माझ्या मते तीन वेगवेगळी कारणे असतात आणि ती एकमेकांत मिसळून टाकली की यादी चुकीची वाचली जाते. पहिले कारण पैशाच्या मर्यादेचे, दुसरे शरीराचे, तिसरे खेळण्याच्या पद्धतीचे.

पैशाची मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप, संघाने वर्षभरात खेळाडूंच्या पगारावर खर्च करायच्या रकमेची मर्यादा. ती १९९४ साली ३ कोटी ४६ लाख डॉलरपासून सुरू झाली आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख डॉलरवर पोहोचली. प्रत्येक संघाला ही एकच मर्यादा असते आणि तिला मोठ्या पळवाटा नसल्या, तरी हिशेब पुढे ढकलण्याची सोय आहे. करारावर सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो. कॅपच्या वहीत मात्र तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान वाटून लिहिला जातो. समजा, चार वर्षांच्या करारात २ कोटी डॉलरचा बोनस दिला आणि दोन वर्षांनी खेळाडूला काढून टाकले, तर उरलेले १ कोटी डॉलर खेळाडू संघात नसतानाही संघाच्या मर्यादेतून वजा होतात. यालाच सगळे डेड मनी म्हणतात. डेन्व्हरने २०२४ साली क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) रसेल विल्सनला सोडले, तेव्हा त्यांच्या वहीत दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा असा बोजा पडला. त्यामुळे एखादा उत्तम बचावपटू यादीत दिसला, तर आधी त्याच्या संघाची वही पाहावी. क्वार्टरबॅकला नुकताच मोठा करार मिळाला असेल किंवा जुन्या सौद्यांचे ओझे डोक्यावर असेल, तर हा माणूस चांगला असूनही परवडला नाही, एवढाच त्याच्या मोकळे होण्याचा अर्थ असतो. यादीतील असे खेळाडू मला सर्वांत भरवशाचे वाटतात.

शरीराचे कारण अधिक अवघड, कारण तेथे जुन्या संघाकडे जास्त माहिती असली, तरी तिचा निष्कर्ष बरोबर निघेलच असे नाही. ड्रू ब्रीस हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. २००५ च्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात त्याच्या चेंडू फेकण्याच्या हाताचाच खांदा निखळला आणि सांध्याच्या कडेची ऊती फाटली. सॅन डिएगोकडे फिलिप रिव्हर्स हा तरुण क्वार्टरबॅक तयार होता, म्हणून त्यांनी ब्रीससाठी मोठी रक्कम लावण्याचे टाळले. मायामीला तो हवा होता, पण त्यांच्या डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना. त्यांनी ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, दुसऱ्या फेरीची निवड देऊन मिनेसोटाकडून डॉन्टे कल्पेपरला घेतले, ज्याचा गुडघा नुकताच मोडला होता. न्यू ऑर्लिन्सचा संघ त्या वेळी ३ विजय आणि १३ पराभवांवरून उठत होता, कॅटरिना वादळाने शहर उद्ध्वस्त झालेले होते, आणि नवा प्रशिक्षक शॉन पेटन याने त्या खांद्यावर सहा वर्षांचा, सुमारे ६ कोटी डॉलरचा करार लावला. कल्पेपर मायामीसाठी केवळ चार सामने खेळला. ब्रीसने पहिल्याच वर्षी ४,४१८ यार्ड फेकून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तो सामनाही मायामीच्याच मैदानावर झाला.

तिसरे कारण, म्हणजे पद्धत, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वाधिक पैसा येथेच वाया जातो. २००९ साली वॉशिंग्टनने टेनेसीच्या अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांचा, जवळजवळ १० कोटी डॉलरचा करार दिला, त्यातील ४ कोटी १० लाख हमीचे, म्हणजे खेळाडूला काढले तरी द्यावेच लागणारे, होते. टेनेसीत तो चार जणांच्या बचावफळीत मधल्या फटीतून मुसंडी मारणारा खेळाडू होता. वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या वर्षी माइक शॅनहन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तीन जणांची फळी लावली, जिच्यात मधल्या माणसाचे काम दोन प्रतिस्पर्ध्यांना अंगावर झेलून मागच्यांसाठी वाट मोकळी करण्याचे असते. हेन्सवर्थला ते काम मान्य नव्हते, त्याची तंदुरुस्तीची चाचणीही गाजली, आणि दोन हंगामांनंतर तो तेथे नव्हता. त्याच्या वृत्तीवर बरेच लिहिले गेले आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही एवढी रक्कम मोजताना पुढच्या वर्षी फळी तीनची असेल की चारची, हे ज्या व्यवस्थापनाला सांगता येत नव्हते, त्याचा दोष मला अधिक मोठा वाटतो.

आणि हे सारे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. मोकळे होण्याचा हा हक्क खेळाडूंना कोणी आपण होऊन दिलेला नाही. १९६३ पासून रोझेल नियम होता: खेळाडू करार संपवून दुसरीकडे गेला, तर नव्या संघाने जुन्या संघाला काय भरपाई द्यायची, हे कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, ठरवत असे. भरपाई किती पडेल, हे आधी कळत नसल्यामुळे कोणी कोणाला घ्यायला धजावत नसे. जॉन मॅकी हा खेळाडू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात हा नियम पाडला, पण १९७७ च्या करारात भरपाई वेगळ्या रूपाने परत आली. १९८८ मध्ये विल्बर मार्शल शिकागोहून वॉशिंग्टनला गेला, तेव्हा वॉशिंग्टनला पहिल्या फेरीच्या दोन निवडी द्याव्या लागल्या. १९८९ पासून प्रत्येक संघ ३७ खेळाडू राखून ठेवी आणि उरलेल्यांना मोकळे करी, म्हणजे ज्यांना बाजारात किंमत होती नेमके तेच अडकून पडत. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने फ्रीमन मॅक्नीलच्या खटल्यात ही पद्धत बेकायदा ठरवली, त्यापाठोपाठ रेजी व्हाइटच्या नावाने दावा दाखल झाला आणि १९९३ च्या आरंभी तडजोड झाली. व्हाइट स्वतः त्या एप्रिलमध्ये चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरवर ग्रीन बेला गेला, आणि जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये त्याने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला तीनदा आडवे केले. आपण आज ज्या यादीवर चर्चा करतो, ती या माणसांनी झगडून मिळवलेली आहे.

प्रतिसाद

लेख आवडला. आमच्यासारख्या आयपीएल पाहणाऱ्यांना एक शंका आहे. जुन्या संघाने बरोबरी करून खेळाडू राखणे, हे आपल्या लिलावातील राइट टू मॅचसारखेच झाले ना? मग एनएफएलची पद्धत खेळाडूंसाठी अधिक न्याय्य आहे, असे कशाच्या आधारे म्हणावे?

धागालेखकाचे उत्तर

साम्य आहे, आणि राइट टू मॅच समजलेल्या वाचकाला अर्धवट मोकळ्या खेळाडूचा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फरक निर्णय कोणाचा, यात आहे. लिलावात हातोडा पडला की खेळाडू त्या संघाचा होतो. त्याला लखनौ आवडते की चेन्नई, हे कोणी विचारत नाही. एनएफएलमधील पूर्ण मोकळा खेळाडू कमी पैसे घेऊनही आवडत्या प्रशिक्षकाकडे जाऊ शकतो. पेटन मॅनिंगला २०१२ साली मानेच्या शस्त्रक्रियांनंतर इंडियानापोलिसने सोडले, तेव्हा त्याने अनेक संघांशी बोलून, त्यांच्या योजना समजून घेऊन डेन्व्हर निवडले. तेथे २०१३ च्या हंगामात त्याने ५५ टचडाउन फेकले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. त्याला बोली लावून विकले असते, तर सर्वाधिक रक्कम देणारा संघ त्याच्या खेळाला पोषक असता, याची काहीच शाश्वती नव्हती.

बरोबरीच्या हक्कावरून आठवले म्हणून २००६ चा किस्सा सांगतो, कारण कराराची कलमे किती बारकाईने वाचावी लागतात, ते त्यातून दिसते. सिअ‍ॅटलच्या स्टीव्ह हचिन्सनला मिनेसोटाने सात वर्षांचा ४ कोटी ९० लाख डॉलरचा प्रस्ताव दिला. बरोबरी करण्याचा हक्क सिअ‍ॅटलकडे होता. मिनेसोटाने त्यात असे कलम घातले की, हचिन्सन हा आपल्या संघातील आक्रमक फळीचा सर्वाधिक पगाराचा खेळाडू नसेल, तर संपूर्ण रक्कम हमीची होईल. सिअ‍ॅटलकडे वॉल्टर जोन्स त्याहून जास्त पगारावर होता, मिनेसोटाकडे तसा कोणी नव्हता. कागदावर दोघांना सारखाच असलेला करार प्रत्यक्षात एकालाच परवडणारा झाला. काही दिवसांतच सिअ‍ॅटलने मिनेसोटाच्या नेट बर्लसनला तेवढाच, सात वर्षांचा ४ कोटी ९० लाखांचा प्रस्ताव दिला आणि कलम घातले की, तो एका हंगामात मिनेसोटा राज्यात पाच सामने खेळला, तर रक्कम हमीची होईल. पुढे अशा कलमांना बंदी झाली.

प्रतिसाद

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि न्यूयॉर्क जायंट्स या संघाचा चाहता आहे, त्यामुळे सॅक्वॉन बार्कलीचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण होईल, असे मला वाटत नाही. मार्च २०२४ मध्ये तो आमच्याकडून सुटून फिलाडेल्फियाला गेला. तीन वर्षे, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर. त्याने त्या हंगामात २,००५ यार्ड धाव घेतली आणि सुपर बोल जिंकला. सगळे आम्हाला हसतात. मला मात्र आमच्या संघाचा निर्णय अजूनही अतार्किक वाटत नाही. २०२३ मध्ये तो आमच्याकडे १४ सामन्यांत ९६२ यार्ड धावला होता. २०२० मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला होता. सत्तावीस वर्षांच्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला) मोठा करार देऊ नये, असे लीगमधील बहुतेक जाणकार तेव्हा सांगत होते.

धागालेखकाचे उत्तर

आपले म्हणणे मी गांभीर्याने घेतो, कारण बार्कलीचे उदाहरण मूळ लेखात घ्यावे की नाही, यावर मीही विचार केला होता. ९६२ यार्डांच्या आकड्याबद्दल आपण बरोबर आहात. पण तो आकडा एकट्या बार्कलीचा नाही. त्याच्या पुढे उभी असलेली जायंट्सची फळी त्या हंगामात सतत मोडून पडत होती. फिलाडेल्फियात त्याच्यापुढे जॉर्डन माइलाटा, लँडन डिकर्सन आणि लेन जॉन्सन होते, आणि क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्‌स स्वतः पळू शकणारा असल्याने बचावपटूंना क्षणभर थांबून कोणाकडे जावे, हे ठरवावे लागत होते. रनिंग बॅकला तो एक क्षण पुरतो. त्यामुळे जायंट्सने त्याला ठेवले असते, तर त्यांना २,००५ यार्ड मिळाले असते, असे मीही म्हणणार नाही. फिलाडेल्फियाने मात्र नेमके तेच पाहिले, जे यादीतल्या आकड्यांत दिसत नव्हते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती जायंट्सपेक्षा नियमांविषयी आहे. बार्कली २०१८ साली ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. चार वर्षांचा पहिला करार, पहिल्या फेरीतील खेळाडूंसाठी संघाच्या मर्जीवर असलेले पाचवे वर्ष, आणि त्यानंतर २०२३ मध्ये फ्रँचायझी टॅग, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला एका वर्षासाठी राखून ठेवण्याचा संघाचा हक्क. म्हणजे स्वतःचा संघ स्वतः निवडण्यासाठी त्याला सहा हंगाम थांबावे लागले. टॅगची रक्कम त्या जागेवरील सर्वाधिक पगारांच्या सरासरीवर काढली जाते आणि ऐकायला मोठी वाटते, पण ती एकाच वर्षाची असते. क्वार्टरबॅक हे वर्ष सोसू शकतो: कर्क कझिन्सने वॉशिंग्टनमध्ये सलग दोन हंगाम टॅगवर काढले आणि २०१८ मध्ये मिनेसोटाकडून तीन वर्षांचे संपूर्ण हमीचे ८ कोटी ४० लाख घेतले. रनिंग बॅकचे शरीर पंचविशीनंतर झपाट्याने झिजते, त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक टॅग म्हणजे कमाईच्या उत्तम वर्षांतील एक वर्ष कमी. लेव्हिऑन बेलने २०१८ मध्ये पिट्सबर्गचा दुसरा टॅग नाकारून अख्खा हंगाम घरी काढला, त्याबद्दल त्याला हटवादी म्हटले गेले. मला त्याचा हिशेब कळतो. दुखापत झाली असती, तर पुढचा करार मिळाला नसता आणि त्याची भरपाई कोणीही केली नसती.

प्रतिसाद

टॅगबद्दल सहमत आहे. एक छोटी भर घालतो: सुटलेल्या खेळाडूंचा जुन्या संघालाही फायदा होतो, हे आपण लिहिले नाही. बॉल्टिमोर वर्षानुवर्षे याच मार्गाने चालत आले आहे.

धागालेखकाचे उत्तर

योग्य भर आहे. मोकळे होऊन गेलेले खेळाडू आणि मोकळे असताना घेतलेले खेळाडू यांचा ताळा मांडून, ज्या संघाचे नुकसान जास्त त्याला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या अखेरीस जादा निवडी मिळतात. करार संपून गेलेलाच खेळाडू या हिशेबात धरतात. संघाने मधेच काढून टाकलेला धरत नाहीत. म्हणून हुशार संघ मार्चमध्ये दुसऱ्याने काढून टाकलेले खेळाडू घेतात, कारण त्यांच्यामुळे आपल्या जादा निवडी कापल्या जात नाहीत. यादी वाचताना एका नावापुढे करार संपला आणि दुसऱ्यापुढे काढून टाकले असे लिहिलेले असेल, तर सारख्याच पगारावरही दुसरा काही संघांना स्वस्त पडतो.

प्रतिसाद

एक शेवटचा प्रश्न. जुलै उजाडला तरी काही नामवंत खेळाडू यादीत तसेच उरलेले दिसतात. ते संपले, असे समजावे का?

धागालेखकाचे उत्तर

सरसकट तसे समजू नये. ड्राफ्टनंतरच्या सोमवारी जादा निवडींच्या हिशेबाची मुदत संपते, आणि त्यानंतर घेतलेला खेळाडू कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. त्यामुळे काही एजंट आणि काही संघ मुद्दाम तोपर्यंत थांबतात. काही जुने खेळाडू उन्हाळ्यातील सराव शिबिराचे कष्ट टाळण्यासाठी ऑगस्टपर्यंत सही करत नाहीत. पस्तिशीला आलेल्या आक्रमक फळीच्या खेळाडूकडून मला ते गैर वाटत नाही. किमान पगाराच्या एक वर्षाच्या करारावर अनुभवी खेळाडू घेतला, तर कॅपच्या वहीत तो दोन वर्षे अनुभव असलेल्या खेळाडूच्या किमान पगाराइतकाच लिहिता येतो, म्हणून ऑगस्टमध्ये अशी भरती पुन्हा वाढते.

आणखी एक नियम अशा वेळी लक्षात ठेवावा. चार किंवा अधिक हंगाम भरलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी संघाच्या ५३ जणांत असेल आणि नंतर त्याला काढले, तर तो उरलेल्या हंगामाचा पगार मागू शकतो. म्हणून कित्येक संघ अशा खेळाडूशी बोलणी पूर्ण करून ठेवतात आणि सही मात्र पहिला सामना आटोपल्यानंतरच घेतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एखादे नाव अचानक यादीतून नाहीसे झाले, तर कारण बहुधा हेच असते. जो खेळाडू त्या आठवड्यानंतरही, दुखापतींनी संघांच्या फळ्या विरळ झालेल्या असतानाही, यादीतच राहतो, त्याच्याबद्दल मात्र बत्तीसही संघांच्या डॉक्टरांचे मत एकच झालेले असण्याची शक्यता अधिक.